साडूंचा बिनमोटारीचा फ्रान्स

अख्ख्या अमिरातीत मोटारीचा मनापासून द्वेष करणारा माणूस एकच होता आणि नेमका तो माझा साडू होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून मीही तिच्यासारखं त्यांना भाऊजी आणि बहिणीला ताई म्हणायचो. ज्या देशात माणसं समोरच्या किराणा दुकानातून पाव आणायलाही गाडी काढतात, तिथे भाऊजींनी आयुष्याची बावीस वर्षं काढली. आणि पोटासाठी केलं काय, तर रस्ते बांधणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी. फ्लायओव्हर, राउंडअबाउट, चौपदरीचा सहापदरी, सगळं त्यांच्या टेबलावरून पुढे जायचं. "माझ्या हातून आणखी दोन लेन झाल्या," असं ते खालच्या आवाजात सांगायचे, एखाद्याने घडलेल्या पापाची कबुली द्यावी तसं. भाडं परवडतं म्हणून राहायचे शारजात आणि ऑफिस दुबईत. म्हणजे रोज येऊन-जाऊन तीन तास, स्वतःच आखलेल्या रस्त्यावर, पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत बसायचं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी ते सहकुटुंब आमच्याकडे दुबईत अल मनखूलला यायचे. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेलेला असायचा. घामेघूम होऊन दारात उभे राहायचे आणि बूट काढायच्या आधी काखेतली नकाशांची गुंडाळी माझ्या हातात द्यायचे.

ते नकाशे फ्रान्सचे होते. भाऊजींच्या ऑफिसात एक फ्रेंच सर्व्हेअर होता. तो कायमचा मायदेशी जायला निघाला तेव्हा बर्गंडीच्या डोंगराळ भागाचे दहा-बारा नकाशे त्याने यांच्या टेबलावर ठेवले. टाकून द्यायला जिवावर आलं असेल, एवढंच. पण भाऊजींना त्यात तुटक रेषा दिसल्या. द्राक्षमळ्यांमधले खडीचे रस्ते, जंगलातून लाकडं ओढायच्या वाटा, रूळ उखडलेली एक जुनी रेल्वेलाइन. मोटारीला मज्जाव असलेल्या वाटा. भिंग लावून, हिरव्या पेन्सिलीने ते त्या एकमेकींना जोडत गेले आणि पाच वर्षांत त्यांनी सायकलने जायचे सतरा मार्ग तयार केले, ओळीने नंबर घालून. नियम एकच, मोटारीचा रस्ता ओलांडायचा, पण त्याच्यावरून जायचं नाही. आमच्या हातात साबुदाणा वडा असायचा आणि ते सांगत असायचे की सात नंबरला पहिले चार किलोमीटर नुसता चढ आहे, मग बीच नावाच्या झाडांचं जंगल, मग उतारावर एक झरा. त्यांची मुलगी तेव्हा दहावीत होती. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "बाबा, नोबडी गोज टु फ्रान्स फॉर मड." भाऊजी शांतपणे दुरुस्त करायचे, "मड नाही बाळा, ग्रॅव्हल."

तयारी तर जय्यत होती. त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत स्टँडवर सायकल चढवलेली, आणि पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळे. जो मार्ग चालू असेल त्याच्या चढाप्रमाणे ठोकळे कमी-जास्त व्हायचे. ऑगस्टच्या दमट उकाड्यात हा माणूस लुंगी खोचून पेडल मारत असायचा आणि ताई आतून विचारायची, "कुठवर आलात?" तिला विचारायचं असायचं की जेवण वाढू का, पण भाऊजी प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे, "अजून खिंड यायची आहे."

एका शुक्रवारी पहाटे दोन सायकली गाडीवर लादून त्यांनी मला हत्ता गावाच्या बाजूला नेलं. डोंगरांमधून एका कोरड्या नदीच्या पात्रात खडीची वाट होती. सहा किलोमीटरमध्ये मी तीनदा उतरलो, एकदा पडलो. भाऊजी प्रत्येक चढावर पाय टेकून माझी वाट बघत थांबायचे. चाकाखाली खडी करकरते तेवढाच आवाज. त्यांचा चेहरा त्या दिवशी असा होता की मला क्षणभर वाटलं, आपण आजवर यांना पाहिलंच नव्हतं. पुढे दोन वर्षांनी तो रस्ता डांबरी झाला. त्याचं ड्रॉइंग भाऊजींच्याच टेबलावर आलं आणि त्यांनी ते वेळेत पूर्ण करून दिलं.

एकदा त्यांनी फ्रान्सच्या व्हिसासाठी अर्ज केला. मी सांगून थकलो की अर्जात पॅरिस लिहा, आयफेल टॉवर लिहा, कोणी तिथे येऊन बघत नाही. ते म्हणाले, "मला पॅरिसला जायचं नाही. तिथे ट्रॅफिक आहे." तेच त्यांनी काउंटरवरच्या बाईंनाही सांगितलं. शारजात राहणारा, पन्नाशीला आलेला हिंदुस्थानी ड्राफ्ट्समन, कोणाला माहीत नसलेल्या खेड्यांत, एकटा, सायकलवर, बारा दिवस कशाला जाणार, हे त्या बाईंना पटेना. नकाशे दाखवल्यावर तर संशय वाढलाच. अर्ज नाकारला गेला. हा किस्सा मी पुढे प्रत्येक पार्टीत नकलेसकट सांगत असे. भाऊजी समोर बसलेले असायचे. तेही हसायचे, आणि तेवढ्यावर मी पुढच्या वेळी आणखी मीठमसाला लावायचो.

मग आम्ही दोन्ही कुटुंबांनी युरोपची ग्रुप टूर घेतली. दहा दिवस, सात देश, बरोबर गुजराती-मराठी जेवण, व्हिसा काढून देणं टूरवाल्यांकडे, आणि सबंध प्रवास बसने. पॅरिस झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी बस स्वित्झर्लंडकडे निघाली आणि दोन-अडीच तासांनी भाऊजी खिडकीला चिकटले. कधी न पाहिलेल्या टेकड्यांची नावं ते पुटपुटायला लागले. मागच्या सीटवरचे लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते. मग एका पेट्रोल पंपावर टॉयलेटसाठी वीस मिनिटं थांबलो आणि निघताना भाऊजी बसमध्ये नव्हते.

अर्धा तास गेला. टूर मॅनेजर माइकवरून म्हणाला, काका बहुतेक चालत स्वित्झर्लंडला पुढे गेले. बस हसली. ताई खाली मान घालून बसली होती. मी तणतणत खाली उतरलो. पंपामागच्या कुंपणाला एक फट होती, तिथून बाहेर पडलो, एक शेत ओलांडलं, आणि समोर भाऊजी दिसले. पांढऱ्याशुभ्र खडीची वाट द्राक्षमळ्यातून वर जंगलाकडे गेली होती. तिच्या मधोमध ते ऑफिसचे बूट घालून, हात मागे बांधून उभे होते.

"हा चौदा नंबर," ते म्हणाले. "नकाशात आहे तस्साच आहे. चला ना, त्या वळणापर्यंत जाऊन येऊ. दोन मिनिटं."

दोन मिनिटंच मागितली होती त्यांनी. पण माझ्या कानात ती बस हसत होती. मी म्हणालो, "भाऊजी, तुमच्या वेडापायी चारचौघांत आमची शोभा होते. खडीच बघायची होती तर शारजात काय कमी होती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पूर्वी कधी न भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग वाकून त्यांनी बुटात गेलेला खडा झटकला आणि माझ्यापुढे चालायला लागले. बसमध्ये चढल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. भाऊजींनी सगळ्यांना हात जोडून सॉरी म्हटलं. स्वित्झर्लंडमध्ये बर्फात उभं राहून इतरांसारखेच फोटो काढून घेतले. पण उरलेल्या प्रवासात खिडकीबाहेर बघितलं नाही.

त्यानंतर ते गुरुवारी रिकाम्या हाताने यायला लागले. पुण्या-नाशिकच्या फ्लॅटबद्दल बोलायचे, रक्तातल्या साखरेबद्दल बोलायचे, क्रिकेट बघायचे. सायकल त्यांनी इमारतीच्या वॉचमनला देऊन टाकली. आम्हाला जसे हवे होते तसे भाऊजी मिळाले, चारचौघांसारखे. त्यांच्यात आता नक्कल करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी कंपनीने त्यांना एका महिन्याच्या नोटिशीवर मोकळं केलं. विमानतळावर सामान आत गेल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. मी माफी मागायची ठरवून आलो होतो, पण आधी बोलले ते भाऊजीच.

"त्या दिवशी मला शोधायला तुम्ही आलात. दुसरं कोणी आलं असतं ना, तर मी परत फिरलो नसतो."

मी वाक्य जुळवेपर्यंत ताईने हाक मारली आणि ते आत गेले.

आता ते नाशिकला असतात. मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. ताई सगळी खुशाली सांगते आणि शेवटी विचारते, "ह्यांना देऊ का?" मी म्हणतो, राहू दे, झोपले असतील. तेव्हा नाशिकला सकाळचे अकरा वाजलेले असतात. ताई थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवते, आणि मीही.