गाडी बंद करायची नाही

बुधवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी सोलापूरच्या नवी पेठेत, कापडाच्या एका मोठ्या दुकानासमोर पांढरी डिझेल गाडी उभी होती आणि तिचं इंजिन चालू होतं. ड्रायव्हर बिरुदेव आत बसला होता, म्हणजे कामावर होता. गाडी गार ठेवणं हे त्याचं काम. मागून एका रिक्षावाल्यानं काचेवर टकटक केलं.

"ओ पावणं, जाताय का न्हाई?"

बिरुदेवनं काच दोन बोटं खाली केली. "दादा आत हायत," एवढंच सांगून ती पुन्हा वर केली.

दादा म्हणजे उदयसिंह, दुकानाचे मालक. चार संस्थांचे उपाध्यक्ष. अध्यक्ष कुठल्याच संस्थेचे नाहीत. घरून दुकान चालत सात मिनिटांवर आहे. दादा गाडीनं येतात, त्याला अठरा मिनिटं लागतात. उतरताना ते पूर्वी "बंद करू नको" असं सांगायचे, आता सांगावं लागत नाही. दारात गाडी घुरघुरत असली की मालक आत्ता निघणार, कुठंतरी तातडीनं पोचणार, असं बघणाऱ्याला वाटतं. मग दादा तीन तास कुठंही जात नाहीत.

बिरुदेवला यात काही वावगं दिसत नव्हतं. तरुणपणी त्यानं श्रीपूरला हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवला होता. धूळ, ऊन आणि कारखान्याच्या रांगेतल्या रात्री भोगलेल्या माणसाला एसीत बसून पगार मिळणं हा मोठा मान वाटतो. सभा-समारंभांच्या बाहेर इतर ड्रायव्हर गाड्या बंद करून, दारं उघडी टाकून झाडाखाली बसत. बिरुदेव काचेआडून त्यांच्याकडे बघत असे. पुढच्या पॅनेलवर एक पिवळा दिवा अधूनमधून पेटायचा. दादांना तो बरा वाटेना, तेव्हा त्यानं त्यावर बिरोबाचा स्टिकर चिकटवला होता.

गाडीचं दुखणं मार्चमध्ये सुरू झालं. रेल्वेपुलाच्या चढावर बिरुदेवनं ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी मात्र रांगू लागली. शेजारून माणसांनी भरलेली एक रिक्षा पुढं गेली. रिक्षातल्या बाईनं वळून पाहिलं. दादांच्या म्हणण्याप्रमाणे ती हसली. संध्याकाळपर्यंत गाडी कधी ओढायची, कधी नाही.

मग नवनाथ मिस्त्री आला. हा इंजिनाला कान लावून निदान करतो आणि निदान होईपर्यंत डोळे उघडत नाही. त्यानं डिझेल फिल्टर बदलला, ट्रायलसाठी गाडी हायवेनं मोहोळपर्यंत पळवली, तिथं नाश्ता केला आणि परत आणली. गाडी वाऱ्यासारखी चालली. "कचरा होता," तो म्हणाला. दहा-बारा दिवसांनी पुलावर पुन्हा तेच. या वेळी एअर फिल्टर, पुन्हा मोहोळ, पुन्हा नाश्ता, पुन्हा गाडी ठणठणीत. तिसऱ्या खेपेला टर्बोचा पाइप बदलला. प्रत्येक वेळी त्याचं निदान बरोबर निघालं आणि प्रत्येक वेळी गाडी पुन्हा बिघडली.

चौथ्या खेपेला नवनाथनं डोळे उघडून सांगितलं, "दादा, गाडीत दोष न्हाई. डिझेलमध्ये कायतरी हाय."

दादांना एवढं पुरलं. गाडीचं ॲव्हरेजही पडलं होतं. किलोमीटर तेवढेच, डिझेल जवळपास दुप्पट. दोन्ही गोष्टींचा अर्थ त्यांनी एका झटक्यात लावला: ड्रायव्हर डिझेल काढून विकतो आणि टाकीत रॉकेल ओततो.

त्या बुधवारी दुकानाबाहेर येऊन मागच्या सीटवर बसल्यावर त्यांनी ते बोलून दाखवलं.

"बिरू, शुक्रवारी श्रीपूरला सभा हाय. त्याआधी कंपनीच्या वर्कशॉपात जा आणि टाकीत रॉकेल हाय असं लेखी घेऊन ये."

"दादा, म्या घातलं न्हाई."

"मग घाबरतो कशाला? आण लेखी. आणि शुक्रवारी रस्त्यात गाडीनं दम सोडला तर चावी माझ्या टेबलावर ठेवायची आणि चालायला लागायचं."

एसी तेवढ्यात कमी वाटला म्हणून त्यांनी तो वाढवायला सांगितला.

गुरुवारी सकाळी बिरुदेव आपल्याच चोरीचा पुरावा आणायला गेला. वर्कशॉपमध्ये ऋतुजा नावाची सुपरवायझर होती. तिनं गाडीला स्कॅनर जोडला, पडद्याकडे पाहिलं, मग पॅनेलकडे.

"मामा, हे काय?"

"देव हाय."

"देवाच्या मागं काय आहे?"

"दिवा. पिवळा. सारखा पेटायचा."

तिनं स्टिकर हलक्या हातानं सोडवून त्याच्या तळहातावर ठेवला. दिवा पेटलेला होता.

"इंजिन रोज किती वेळ चालू असतं?"

"सकाळी नऊपासून दादा घरी पोचेस्तोवर."

"आणि चाकं?"

बिरुदेवनं विचार केला. "चाकं दुकानापातुर."

ऋतुजा हसली नाही. डिझेलच्या धुरातली काजळी सायलेन्सरच्या वाटेवरच्या एका वेगळ्याच फिल्टरमध्ये अडकते, तिनं सांगितलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी अर्धा तास एका वेगानं पळाली की फिल्टर तापतो आणि काजळी जळून जाते. उभ्या गाडीत ती नुसतीच साठते. फिल्टर भरत आला की दिवा पेटतो, तरी कुणी लक्ष दिलं नाही तर इंजिन स्वतःच जोर कमी करतं.

"आन् नवनाथ मिस्त्रीनं फिल्टर, पाइप बदलून मोहोळला पळवली ते?"

"ते बदललं नसतं तरी चाललं असतं. मोहोळला जाऊन आली म्हणून गाडी बरी झाली."

"रॉकेल?"

"थेंबभर नाही. तुमचं डिझेल उभ्या उभ्या जळतंय."

बिरुदेव सुटला होता. पण सुटकेचा कागद हातात घेतला की त्यावर दादांचा दोष लिहिलेला असणार, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. "मॅडम, उभ्या गाडीचं नका लिवू," तो म्हणाला. "हवामान लिवा."

"हवामान?"

"सोलापूरचं. लई गरम असतं की."

फिल्टर मशिन लावून साफ करायला मालकाची परवानगी लागते, म्हणून तिनं दादांना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"सर, भेसळ नाही, चोरीही नाही. गाडी थांबली की इंजिन बंद करत चला."

"थांबते कुटं? मी दिवसभर कामात असतो."

"तुम्ही असाल, सर. गाडी नसते."

बिरुदेवनं डोळे मिटून घेतले.

"मॅडम," दादा म्हणाले, "आमच्याकडं लोक भेटायला येतात, आमी जात न्हाई. तुमचा हा फिल्टर फिरत्या लोकांसाठी बनवलेला दिसतोय. करा साफ."

शुक्रवारी गाडी श्रीपूरपर्यंत एकदाही अडखळली नाही. सभा दोन तास चालली. मंडपाबाहेर सगळ्या गाड्या बंद होत्या, एक सोडून. परतताना दादांनी सोबतच्या पाहुण्यांना सांगितलं की कंपनीचा मूळ दोष होता, तो आपणच हुडकून काढला. रॉकेलचा विषय त्यांनी काढला नाही आणि बिरुदेवनंही काढला नाही. घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "बिरू, उद्यापासनं रोज सकाळी रिकामी गाडी मोहोळपातुर पळवून आणायची. फिल्टरला."

"आन् दुकानासमोर, दादा? बंद करू?"

"बंद कशाला? म्हणूनच तर मोहोळला धाडतोय."

नोकरी राहिली. तिच्या वेळेत सकाळचे दीड-दोन तास वाढले, पगाराबद्दल कुणी काही बोललं नाही. रात्री गाडी लावताना सकाळी सहाला निघायचंय असं त्यानं सांगितलं, तेव्हा शेजारच्या बंगल्याच्या ड्रायव्हरनं विचारलं, "काय बिरुबा, सकाळी कुणाला घेऊन चाललाय म्हणं?"

"फिल्टरला."

"लई मोठा माणूस दिसतोय."

"मोठाच की. माझी नोकरी त्याच्यावर हाय."

उद्या शनिवार. गाडी सहाला निघेल, मागची सीट रिकामी असेल. साधारण साडेसहाला सावळेश्वरच्या टोलनाक्यावर तिच्या फास्टॅगमधून जातानाचा टोल कापला जाईल आणि सव्वासातच्या सुमारास येतानाचा.