आधी पाणी कुठं आहे ते विचारा

श्रीमती निर्मला पैठणकर यांना मी पहिल्यांदा भेटले ती दुष्काळाच्या वर्षी. देवगाव रंगारीहून पत्र्याची पेटी आणि नर्सिंगचं प्रमाणपत्र घेऊन मी शहरातल्या एका आरोग्य केंद्रात रुजू झाले होते. निर्मलाबाई तिथल्या पर्यवेक्षिका. त्यांनी नाव-गाव विचारलं आणि लगेच म्हणाल्या, "सुनंदा, तुमच्याकडं सध्या पाणी किती दिवसांनी येतं?"

"टँकर येतो, चार दिवसांनी."

"मग या कामातलं बरंचसं तुला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथाला त्यांनी महिनाभर नकार दिला. शेवटी एका अटीवर तयार झाल्या : "नुसतं कौतुक नको. काय चुकलं तेही लिहा." ती अट पाळून हा लेख लिहीत आहे.

शहर त्या वर्षांत चहूबाजूंनी पसरत होतं. पडेगावकडच्या रानात गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट विकले जात होते. घरं उभी राहिली, नळ आले नाहीत. खेड्यांतल्या विहिरी आटल्या तशी माणसं तिथं येऊन राहू लागली. त्या मे महिन्यात वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली आणि कडूबाई नावाच्या एका बाईची तीन वर्षांची मुलगी दगावली. मी अहवालात कारण लिहिलं : लोकांच्या अस्वच्छ सवयी.

बाईंनी तो वाचला. रागावल्या नाहीत. "चल," एवढंच म्हणाल्या. आम्ही रिक्षा करून वस्तीत येणाऱ्या टँकरच्या मागं गेलो. टँकर ज्या विहिरीवर भरत होता, तिच्या कडेनंच गटाराचा नाला वाहत होता आणि विहिरीच्या भिंतीतून काळा ओघळ आत उतरत होता. बाईंनी ती विहीर त्याच दिवशी बंद करवली.

दुसऱ्या टँकरला दोन दिवस लागले. भर उन्हाळ्यात वस्तीचं होतं ते पाणीही आम्ही तोडलं होतं. कडूबाई सगळ्यांदेखत बाईंच्या अंगावर धावून आल्या. "लेकरू गेलं माझं, आता पाणी बी नेता का? मरू द्या की आमाला एकदाचं!"

 ते दोन दिवस बाई वस्तीतून हलल्या नाहीत. ओळखीपाळखीच्या घरांतून कॅन भरून आणवले, आणि घरोघर बसून साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजलं. तरीही आणखी दोघं दगावली. मग साथ ओसरली.

परतताना त्या म्हणाल्या, "हात धुवा म्हणून सांगण्याआधी पाणी कुठं आहे ते विचारत जा. आणि त्या बाईचा राग धरू नकोस. ती खरंच बोलत होती."

अहवाल मी पुन्हा लिहिला.

बाई निवृत्त झाल्या. पुढं कोरोना आला तेव्हा त्याच भागाची पर्यवेक्षिका मी होते. रुग्ण सापडला की घराला पत्रे ठोकायचे, दारावर फलक लावायचा, असं चाललं होतं. बाईंचा फोन आला. "सुनंदा, पत्रे ठोकू नका. लोक आजार लपवतील."

"बाई, वरून आदेश आहे."

"असं होईल हे वर सांगितलंस का?"

मी सांगितलं नव्हतं. त्यानंतरही सांगितलं नाही. बाईंनी लिहायला सांगितलेली चूक ती हीच, आणि ती माझी आहे.

दुसऱ्या लाटेत त्या वस्तीतून तपासणीला एकही माणूस आला नाही. कडूबाईंचे पती रामभाऊ आठ दिवसांपासून तापानं पडून आहेत, असं शेजारून कळलं. आम्ही दार वाजवलं. आतून कडूबाईंचा आवाज आला, "आजारी कुणी नाय इथं. जा तुमी."

मी बाईंना फोन केला. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या बाई मुलाचं न ऐकता रिक्षानं आल्या. तोंडाला दोन मास्क लावून दारासमोरच्या पायरीवर बसल्या.

"कडूबाई, मी निर्मला. विहीर बंद केली होती ती."

 आतून रडणं ऐकू आलं. "बाई, पत्रे ठोकतील. शेंद्र्याच्या कंपनीत पोरगं कामाला जातंय, त्याला काढून टाकतील."

"ठोकू देणार नाही. मी इथंच बसलेय. दार उघडा."

दार उघडलं. रामभाऊंचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात खाट मिळायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. "चार दिवस आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मी ते बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दार त्यांनी नव्हतं लावलं. आपण लावलं होतं."

त्याच आठवड्यात बाईंनाही लागण झाली. अठरा दिवस त्या ऑक्सिजनवर होत्या. त्या पायरीवर झाली की आणखी कुठं, कोण सांगणार? पण त्यांना बोलावलं होतं मी. ते अठरा दिवस मी कसे काढले, ते इथं लिहिता येत नाही.

बऱ्या झाल्यावर बाई पहिल्यांदा घराबाहेर पडल्या त्या कडूबाईंकडं जायला. मी सोबत होते. कडूबाईंनी चहाचा कप पुढं केला. "दोन म्हयनं झाले बाई, या घरात कुणी पाणी बी पेलं नाय."

"साखर फार टाकलीस गं," बाई म्हणाल्या आणि कप संपवला. तासभर त्या रामभाऊंबद्दल विचारत राहिल्या : कुठलं गाव, काय आवडायचं, शेवटी काय बोलले. हे इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

पुढं आमचे सत्कार झाले. शाली मिळाल्या, योद्धे म्हणून आमची नावं पुकारली गेली. मी शाल घेऊन बाईंना दाखवायला गेले. त्यांनी कौतुकानं हात फिरवला आणि विचारलं, "त्या वस्तीत नळ आला का?"

नळ अजूनही आलेला नाही. आठ दिवसांनी टँकर येतो. पुढची साथ आली, तर तिथं लोकांना हात धुवायला सांगणारे आम्हीच असू.

बाई, जिना चढताना तुम्हाला अजून धाप लागते, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तो करा. तुम्हाला भरपूर वर्षं आणि धडधाकट शरीर लाभो, ही मनापासूनची इच्छा आहे. त्यात आमचा स्वार्थही आहे. तुम्ही शिकवलेलं अजून आमच्या अंगी बाणलेलं नाही.