पाढ्यांचा शंकरपट

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझ्या साडूइतका हट्टी माणूस नाही, आणि हे मी पूर्ण हिशेबाने सांगतो. मोहाडी तालुक्यातल्या एका लहान गावात ते गुरुजी आहेत. शाळेत पोरं चौतीस. त्यांच्या हजेरीत 'हजर' हा शब्द चालत नाही; नावापाठोपाठ "आठ नव्वे?" येतं, आणि "बहात्तर" म्हटलं तरच पोर हजर. लग्नात ते वाढप्याचा हात धरतात, "सोळा पानं, सहा पंगती, किती झाले बाप्पा?" मागची माणसं भाताकडे बघत बसतात. माझी बायको, म्हणजे त्यांची मेव्हणी, एकदा म्हणालीच, "भाऊजी, वाढू द्या ना त्याले!" "मी कायले अडवून राहिलो? शहाण्णव म्हण बाप्पा, अन् जाय."

पण खरा जीव शनिवारच्या शंकरपटात. आमच्याकडे शंकरपटात बैलजोड्या धावतात, यांच्या शंकरपटात पोरांच्या सतरा जोड्या. सर्वांत तेज पोर सर्वांत अडखळणाऱ्याशी जुंपायचं. पाढ्याची एक ओळ एकाने म्हणायची, पुढची दुसऱ्याने. जोडीदाराला सांगायची बंदी. एक अडला की दोघंही थांबले. साडूंच्या मते सतराचा पाढा पापणी लवायच्या आत होतो. मी मोबाइलवर वेळ लावली; सर्वांत जलद जोडीला चौदा सेकंद लागले. हे सांगितल्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तपासणीला एक साहेब आले. "स्पर्धेमुळे कच्ची मुलं घाबरतात. हे बंद करा."

"नाही करत," साडू म्हणाले. "या पोरीलेच विचारा."

तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. सहा शनिवारांत तिची जोडी सहादा हरली होती. आकडा साडूंच्या वहीतलाच आहे.

"भीती वाटते ना, बाळ?"

"वाटते," ती म्हणाली. साडूंचा चेहरा उतरला. "पण बंद काहून करता? माही जोडी अजून जिंकाची हाय!"

साहेब हसले, आणि 'स्पर्धा बंद करावी' असा शेरा लिहूनच गेले.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम गेलो. वर्गात शंकरपट झाला नाही. शाळा सुटल्यावर पोरांनी तो बाहेर मोहाच्या झाडाखाली स्वतःच मांडला. साडू तिकडे निघाले, तर चौथीतली एक मुलगी आडवी आली, "गुरुजी, तुम्ही येऊ नोका. साहेब तुमचंच नाव घेतीन."

ते व्हरांड्यातच थांबले. मला म्हणाले, "मी बंद केलं, साडभाऊ. पोरायले 'बंद करा' म्हणून कोणी लिहून देल्लं नाही."

झाडाखाली ती तिसरीतली मुलगी 'सतरा सत्ते'ला अडली. जोडीदार गप्प, नियमच तसा. बाकीची पोरंही गप्प. मी साडूंकडे बघितलं. सतरा वेळा सांगितलं तरी ज्यांचं तोंड बंद होत नाही, ते ओठ आवळून खांबाला धरून उभे होते.

"एकशे एकोणीस!" ती ओरडली, आणि जोडी पुढे निघाली.

"बरोबर," साडू पुटपुटले, इतक्या हळू की शेजारी उभ्या असलेल्या मलाच काय ते ऐकू आलं.