वाळूच्या बेटावरचं ‘हो’

गुरुवार, १२ जुलै २०१८. पहाटे ढग, नऊनंतर ऊन. वारा आग्नेयेचा, वाढता. ओहोटी सव्वाबाराला, भरती संध्याकाळी सहा वीसला. उद्या अमावास्या, पाणी मोठं. पाहुण्या मुलींनी सकाळी चर्चपुढे मुलांना नेटबॉल शिकवला, मग माशाच्या पोटातल्या योनाची गोष्ट सांगितली. साडेदहाला तेवीस मुलं दोन होड्यांतून वाळूच्या बेटावर खेळायला गेली. अडीचपर्यंत परत येतील. सुलुएतीने कसावा अर्धाच खाल्ला. चहाबरोबर द्यायला पिठाचे फुगीर बाबाकाऊ तळले, साठ झाले. पीठ वानीच्या आईने दिलं.

एवढं लिहून आकाताबाईंनी वहीत पेन्सिल ठेवली आणि वही मिटली. त्यांची रोजनिशी दिवसातून दोनदा लिहून व्हायची, दुपारी जेवणानंतर आणि रात्री दिवा मालवण्याआधी. ही सवय जवळच्या लेवुका बंदरातल्या कॉन्व्हेंटमधली. तिथल्या सिस्टर अँसेल्म रोज सकाळी वह्या तपासायच्या आणि अर्धवट वाक्याखाली लाल रेघ ओढायच्या. ‘पाऊस’ एवढंच लिहिलं की रेघ. ‘आज पाऊस पडला’ असं लिहायचं. आकाताबाईंनी पुढे गावच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला तेव्हा तीच लाल रेघ त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांच्या पाट्यांवर ओढली. भरती-ओहोटीच्या वेळा मात्र सिस्टरांच्या नव्हेत, नवऱ्याच्या. तोमासी होडी चालवायचा. बंदरातल्या तक्त्यावरचे बारीक आकडे त्याला वाचता यायचे नाहीत, म्हणून रोज सकाळी दारातून विचारायचा, “आकाता, पाणी कधी?” तोमासीला जाऊन अकरा वर्षं झाली. आकाताबाई वेळा लिहीतच राहिल्या.

पाहुण्या मुली ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाच्या, एका चर्चच्या नेटबॉल संघातल्या. नऊ जणी आणि त्यांची प्रशिक्षक नॅरेल. आल्या त्या दिवशी सगळ्यांच्या अंगात निळे सदरे होते आणि पाठीवर लिहिलेलं, ‘देव आमचा कप्तान’. वानीच्या आईने ते वाचून घेतलं आणि विचारलं, “कप्तान देव आहे, मग ही शिट्टी कोण फुंकतंय?” नॅरेललाच सगळ्यांत जास्त हसू आलं. त्या दिवसापासून गावाला ती आवडली. उंच, उन्हाने लालबुंद झालेली, हातात कायम यादीचा कागद. चेंडू फेकताना मुलांनी एकेक शब्द म्हणायचा, शेवटच्या पासला बायबलचं वचन पुरं व्हायचं, असा खेळ तिने काढला होता. मुलांना वचन पाठ झालं की नाही कुणास ठाऊक, चेंडू मात्र आता पडत नव्हता.

मधे दुभाषी आकाताबाई. शाळेतलं इंग्रजी मुलांना थोडंफार कळायचं. अडचण एकच होती. गाव ज्या बेटावर आहे तिथली मुलं ‘हो’ तोंडाने म्हणतच नाहीत, भुवया वर उडवतात आणि गप्प बसतात. नॅरेल बिचारी तेच तेच तीनदा विचारायची. म्हणून आज सकाळी होड्यांपाशी आकाताबाईंनी सगळ्यांना रांगेत उभं करून बजावलं होतं, “पाहुण्यांपुढे भुवया नाचवायच्या नाहीत. काही विचारलं तर तोंड उघडायचं आणि ‘येस’ म्हणायचं. कळलं?”

तेवीस जोड्या भुवया वर गेल्या.

“काय म्हणाले मी?”

“येस, बुबू!” सगळी ओरडली. बुबू म्हणजे आजी. पण गावातली मोठी माणसंसुद्धा आकाताबाईंना बुबूच म्हणायची.

अडीचला होड्या आल्या नाहीत. वारा चढला होता आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले होते. पहिली होडी पावणेतीनला लागली, मुलं उतरली आणि पाच पाहुण्या मुलींना घेऊन होडी तशीच लेवुकाला गेली, त्यांना घरी फोन करायचे होते. दुसरी तीन वाजून पाच मिनिटांनी आली. ती सेमीची, म्हणजे तोमासीच्या पुतण्याची. तिच्यात बाकीच्या पाहुण्या मुली होत्या आणि नॅरेल, ओलीचिंब, कागद दातांत धरून.

“बुबू, चहा आहे ना? माझ्या पोटात कावळे ओरडतायत,” सेमी किनाऱ्यावरूनच म्हणाला.

“पाय धू आधी. चटईवर वाळू आणलीस तर कपच काढून घेईन.”

मुलं चटईवर बसली. आकाताबाईंनी ताटल्या मांडल्या, प्रत्येकीत दोन बाबाकाऊ. तेवीस ताटल्या. सगळ्यांच्या हातात गेल्या आणि एक उरली.

त्यांनी चटईवरून नजर फिरवली. मग उभ्या राहून परत फिरवली.

“सुलुएती कुठाय?”

सुलुएती त्यांची नात. आठ वर्षांची. तिची आई ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेली होती, नोव्हेंबरात यायची होती. तोवर पोर आकाताबाईंच्या हवाली होती.

“शौचाला गेली असेल,” वानीची आई म्हणाली.

“ती पहिल्या होडीतून आली,” नॅरेल म्हणाली आणि कागद पुढे केला. सुलुएतीच्या नावापुढे खूण होती.

पहिल्या होडीतली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. “आमच्यात नव्हती, बुबू,” त्यातला एक जण म्हणाला.

“तुम्ही पाहिलंत तिला चढताना?” आकाताबाईंनी नॅरेलला विचारलं.

“नाही. वारा सुटला, पहिली होडी घाईने निघाली. जाताना माझ्या होडीत बारा मुलं होती, येताना अकराच, म्हणून मी विचारून घेतलं. वानीला. ती म्हणाली हो.”

“तुम्ही काय विचारलंत?”

“हेच, की सुलुएती—”

“असं नको. शब्द सांगा. जसे बोललात तसेच.”

नॅरेलने डोळे मिटले. “मी म्हटलं, ‘सुलुएती पहिल्या होडीत नाही गेली का?’ आणि वानी म्हणाली, येस.”

आकाताबाईंच्या हातातली किटली ताटलीवर टेकली आणि ताटली उलटून पायरीच्या दगडावर पडली.

नॅरेलच्या भाषेत या ‘येस’चा अर्थ एकच, गेली. पण वानी तर या बेटावरची पोर. ‘नाही गेली का?’ म्हटल्यावर ती ‘हो’ म्हणाली, म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर, नाही गेली. इथे कुणीही असंच उत्तर दिलं असतं. आकाताबाईंनीही दिलं असतं. नुसत्या भुवया उडवल्या असत्या तर नॅरेलने सवयीने आणखी दोनदा विचारलं असतं. तोंड उघडायला पोरांना सकाळी शिकवलं ते त्यांनीच. आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच ‘पूर्ण वाक्यात’ हे सांगायचं राहिलं होतं.

“मी खरं तेच सांगितलं होतं, बुबू,” वानी रडवेली होऊन म्हणाली. “ती चेंडूच्या मागे गेली होती. दगडांच्या पलीकडे. मला वाटलं, बाईंना माहितीय.”

“तू खरं तेच सांगितलंस,” आकाताबाई म्हणाल्या. “बस. खा.” मग सेमीकडे वळल्या. “ऊठ.”

सेमीने आधीच कप खाली ठेवला होता.

तीन वाजून बावीस मिनिटं. वाळूचं बेट म्हणजे बेट तरी कसलं, ओहोटीला उघडी पडणारी वाळूची पाठ. पाणी साधं असतं तर साडेतीनपर्यंत कोरडी राहिली असती. अमावास्येच्या पाण्यात तीनलाच तिच्यावरून पहिली लाट जाते. होडीला पोचायला वीस मिनिटं, आणि या वाऱ्यात पंचवीस. आकाताबाईंना हे हिशेब करावे लागले नाहीत. त्या पाण्यात उतरून होडीचा काठ धरून उभ्या होत्या.

“तू कशाला, बुबू? तुझा गुडघा...”

“माझा गुडघा मला माहितीय. चढव मला.”

नॅरेल मागून पाण्यातून धावत आली आणि काही न विचारता आत चढली. किनाऱ्यावर कुणीतरी लाकडी नगारा बडवायला लागलं. समुद्रावर गेलेल्या माणसांना परत बोलवायचा ठोका. पण त्या दिवशी दुसरी होडी जवळपास नव्हतीच.

इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. तिसऱ्या वेळी सुरू झालं. प्रत्येक लाटेवर होडी आपटायची आणि आकाताबाईंचे दात एकमेकांवर आदळायचे. नॅरेलचे ओठ हलत होते. आकाताबाईंनी जपमाळेसाठी खिशात हात घातला, तर हाताला आला अर्धा बाबाकाऊ. तळताना चव बघितलेला. तो त्यांनी मुठीत तसाच धरून ठेवला.

बेट जिथे असायला हवं होतं तिथे फिकट हिरवं पाणी होतं. दुसरं काही नाही.

“कुठे, सेमी? कुठे होतं?” नॅरेल ओरडली.

“हेच. आपण बेटावरच आहोत.” सेमीने इंजिन मंद केलं. पंखा वाळूला घासत होता.

नॅरेल उभी राहून चारी दिशांना बघत होती. सूर्य उतरत होता आणि पश्चिमेचं सगळं पाणी नुसतं चमकत होतं. आकाताबाई बघत नव्हत्या. त्या आठवत होत्या. दगडांच्या पलीकडे, वानी म्हणाली. दगडांच्या पलीकडे खाडीचं तोंड, आणि तोंडाशी होड्यांना वाट दाखवणारा लोखंडी खांब. तोमासी मासे धरताना त्यालाच होडी बांधायचा. सुलुएती दोन वर्षांची असताना त्यांनी तिला मांडीवर घेऊन कितीदा सांगितलं होतं, हा तुझ्या आजोबांचा खांब.

“खांबाकडे घे,” त्या म्हणाल्या.

“तिकडे दगड आहेत, बुबू. होडी फुटेल.”

“खांबाकडे घे म्हणते ना!”

खांब आधी काळी रेघ दिसला. मग रेघेच्या बुडाशी काहीतरी जाड दिसलं. मग त्याला दोन हात आले, आणि मधे नारिंगी चेंडू.

सेमी पन्नास हातांवर थांबला. पुढे लाट दगडांवर फुटत होती. पाणी पोरीच्या काखेपर्यंत आलं होतं, लाट आली की हनुवटीपर्यंत.

नॅरेलने सदरा काढून फेकला आणि दोन्ही हात तोंडाशी नेले. “सुलुएती! तुला पोहता येत नाही का—”

आकाताबाईंनी तिचा दंड इतक्या जोराने धरला की नखं रुतली.

“असं नका विचारू! ती ‘हो’ म्हणेल आणि आपल्याला काहीच कळणार नाही.” मग स्वतः उभ्या राहिल्या, एका हाताने सेमीचा खांदा धरून, आणि तीस वर्षांच्या वर्गातला आवाज काढला. “सुलुएती! पाय कशावर आहेत? पूर्ण वाक्यात सांग!”

वाऱ्यातून बारीक आवाज आला. “बुबू, माझे पाय दगडावर आहेत! पण माझे हात दमलेत, बुबू!”

“हात सोडू नकोस! चेंडू सोड!”

“तो पाहुण्यांचा आहे!”

“सोड म्हणते ना, गाढवे!”

पोरीने चेंडू सोडला नाही. नॅरेलने उडी टाकली. तिचं पिवळं डोकं लाटेत गेलं, वर आलं, परत गेलं. एकदा बराच वेळ वर आलं नाही. सेमी वल्ह्याने होडी दगडांपासून लोटत होता आणि तोंडाने शिव्या देत होता, एरवी आकाताबाईंनी ज्याबद्दल त्याचा कान धरला असता. मग खांबापाशी एकाच्या जागी दोन डोकी दिसली. नॅरेलने पोरीला पाठीवर घेतलं. चेंडू पुढे धरून दोघी त्याच्यावर तरंगत आल्या.

सेमीने आधी सुलुएतीला ओढलं, मग नॅरेलला. नॅरेलच्या दोन्ही पोटऱ्या दगडांनी सोलल्या होत्या, पाण्याबरोबर रक्त होडीच्या तळाला पसरलं. आकाताबाईंनी नातीला पदरात घ्यावं तसं आपल्या लुंगीच्या घेरात गुंडाळलं. पोर गार पडली होती, ओठ जांभळे. मुठीतला भिजलेला बाबाकाऊ त्यांनी तिच्या तोंडात कोंबला.

“खारट लागतोय,” सुलुएती म्हणाली.

तेव्हा कुठे सेमी खाली बसला आणि रडायला लागला.

परतीच्या वाटेवर नॅरेल म्हणाली, “चूक माझी आहे. मी मोजायला हवं होतं. नुसतं विचारायला नको होतं.”

“हो, मोजायला हवं होतं,” आकाताबाई म्हणाल्या. “आणि मी सकाळी अर्धंच शिकवलं. दोघींच्या पाटीवर रेघ.”

नॅरेलला पाटीचं काही कळलं नसावं, पण तिने मान हलवली. मग सुलुएतीकडे वाकली. “तू घाबरली नाही—” ती थांबली. तोंडावरचं पाणी पुसलं. “तू घाबरली होतीस का?”

सुलुएतीने तिच्याकडे बघितलं आणि भुवया वर उडवल्या.

आकाताबाईंनी तिच्याकडे पूर्ण वाक्य मागितलं नाही. नॅरेलनेही परत विचारलं नाही.

रात्री त्यांनी वही उघडली. दुपारच्या मजकुराखाली बरीच जागा होती. ‘सुलुएती बेटावर राहिली होती. ती चार वाजून दहा मिनिटांनी सापडली,’ असं त्यांनी लिहिलं. आत चटईवर सुलुएती आणि वानी एकाच चादरीत झोपल्या होत्या. वानी घरी जायला तयारच झाली नव्हती. मग त्यांनी शेवटची ओळ लिहिली आणि दिवा मालवला.

तेविसावी ताटली दगडावर पडून फुटली, आता घरात बावीस ताटल्या आहेत.