सातव्या पानावरची सही

ऑफिसचे किस्से निघाले की लोकांना आधी हसायचे आठवतात. आमच्या बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या ऑफिसचे तसे नाहीत. तरी जुने चौघे भेटलो की तेच निघतात, आणि चहा गार होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका कॉम्प्युटरच्या फायली नेटवर्कवरून दुसऱ्यावर साठवायचं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. त्याचे नियम परदेशातल्या कमिटीचे, जाडजूड बाड. ते वाचायचं काम शिंदेअण्णांचं. चामराजपेटचे, चार पिढ्या बंगळुरात, कानावर पेन्सिल. साहेब एकदा वैतागले, "अण्णा, महिन्यात सात पानं?"

"साडेसहा," अण्णा म्हणाले. "सातव्यावर अडलोय."

*

अडले ते असं. सर्व्हरने 'लिहिलं' असा निरोप दिला, की माहिती डिस्कवर गेली असं धरायचं, की नुसती मेमरीत असली तरी चालेल? बाडात स्पष्ट नव्हतं. वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं. अण्णांनी कमिटीला ईमेल पाठवलं.

मी म्हटलं, "अण्णा, मेमरीत ठेवलं तर केवढं फास्ट होतंय बघा."

"स्वल्प थांब रे. इथली वीज काय तुला विचारून जाते?"

*

आमच्याकडे शंकांची वही होती. वर शंका काढणाऱ्याचं नाव. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर आपणच एक अर्थ धरायचा आणि खाली सही करून शंका बंद करायची. उत्तर आलं नाही. साहेबांनी 'मेमरी चालेल' असं धरलं.

अण्णा सही करेनात. "मला कळलं नाही त्यावर मी सही करत नाही."

साहेबांनी वही माझ्याकडे सरकवली. माझी नोकरी अजून कन्फर्म व्हायची होती. मी केली सही.

*

बोम्मसंद्राच्या एका औषध कारखान्यात आमचा सर्व्हर लागला. एका दुपारी वीज गेली, आणि सकाळपासूनच्या चाचण्यांच्या नोंदी गेल्या. त्यावर अवलंबून असलेला सगळा माल नष्ट करावा लागला. लॅबमधल्या बाईंचा फोन अण्णांनी घेतला. बाई पुन्हापुन्हा एकच विचारत होत्या, "लिहिलं म्हणून सांगितलंत ना? म्हणून तर मी नोंदींचे कागद फाडले."

*

मीटिंगमध्ये वही उघडली. वर अण्णांचं नाव. साहेब म्हणाले, "शंका यांची. तड लावायची जबाबदारीही यांचीच." खालची सही कुणी वाचली नाही. अण्णांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. सही माझी आहे, हे मी सांगितलं नाही. त्याची आजही लाज वाटते.

महिनाअखेरीला अण्णा घरी बसले. त्याच आठवड्यात मी कन्फर्म झालो.

*

पुढे काही महिन्यांनी कमिटीचं उत्तर आलं. त्यांनी वाक्यच बदललं होतं: माहिती डिस्कवर गेल्याशिवाय 'लिहिलं' म्हणू नये. प्रिंटआउट घेऊन मी चामराजपेटला गेलो. दार अण्णांच्या बायकोने, अक्कांनी उघडलं. मला ओळखलं आणि तशाच आत गेल्या.

अण्णांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं. कानावरची पेन्सिल काढून बाजूला ठेवली. खिशातलं पेन उघडलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "आता कळलं. सही कुठे करू?"