कॅनरीचा खुराक

बायको पोरीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाली, तेव्हा तिला घराची काळजी नव्हतीच, होती ती फक्त पक्ष्याची. ई-रिक्षात बसल्यापासून स्टेशन येईपर्यंत सांगत होती. "कांगणी रोज ताजी घाला. पाणी दोनदा बदला. हिरवं पान विसरू नका. सकाळी अर्धा तास गॅलरीत ऊन दाखवा. आणि..." एवढं म्हणून थांबली. मी म्हटलं, "आणि काय?" तर म्हणे, "काही नाही. लक्ष ठेवा त्याच्यावर."

मी रेल्वेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. मूठभर पिवळा कॅनरी पक्षी, त्याला काय सांभाळायचं! गोल बाजारातून स्वच्छ निवडलेली कांगणी, म्हणजे राळ्याचे दाणे, आणली. पालकाचं पान एक दिवस पिंजऱ्याला अडकवलं, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, संध्याकाळपर्यंत तिथेच लोंबत होतं. म्हटलं, पुरे झाले चोचले. गॅलरीचं तर विचारूच नका. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की आमच्या बूढापारा मोहल्ल्यातसुद्धा कठड्यावर काळी धूळ बसते, बोट फिरवलं की बोट काळं. म्हणून पिंजरा आत आणला आणि काचेच्या खिडकीशी ठेवला. ऊन काय, काचेतूनही येतंच की.

रोज तिचा फोन यायचा. नातू झाल्यावरही आधी पक्षी, मग नातू.

"पान देता ना त्याले?"

"देतो."

"गातो ना?"

"गातो, कान किटले माझे."

पहिलं उत्तर सपशेल खोटं होतं, दुसरं महिनाभर तरी खरं होतं. मग त्याची पिसं झडायला लागली. वर्षातून एकदा झडतातच, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी निवांत होतो. पण गाणं बंद झालं. पायांवर पांढरट खवले दिसायला लागले. वरच्या दांडीवरून तो खालच्या दांडीवर आला आणि अंग फुगवून बसायला लागला, श्वासागणिक शेपटी खालीवर. मग मात्र माझा निवांतपणा पार गेला. जेवता जेवता उठायचो आणि पिंजऱ्यात डोकावायचो. पेपर वाचताना एकच ओळ चारदा वाचायचो. अहो, एवढासा तो जीव, त्याला काही झालं तर तिला सांगायचं काय! तीन वर्षं त्याच्याशी ती दिवसभर बोलत आलेली. माझ्याशी बोलायची त्यापेक्षा जास्तच.

"गातो ना?" तिने विचारलं.

"आत्ता झोपला आहे," मी म्हटलं. सकाळचे अकरा वाजले होते. तिने नातवाचं काही न सांगताच फोन ठेवला.

दोन दिवसांनी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे निघालो. रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारलं, "तोता हे का कका?" मी खेकसलो, "हव, तोता आहे! तू समोर बघ." गाडी खड्ड्यात आदळली की टॉवेल उचलून मी आत बघायचो, आहे ना अजून.

डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिने त्याला अलगद हातात घेतलं.

"क्या खिलाते हैं, चाचाजी?"

"कांगणी."

"और?"

"और पानी."

तिने हलकेच एक पंख उलगडून माझ्यापुढे धरला. जुनी पिसं चकचकीत होती. नवीन आलेली मात्र निस्तेज होती आणि त्यांच्यावर आडव्या फिकट रेघा होत्या. तिने समजावून सांगितलं की दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ह्याला कुणीतरी फार नीट खाऊ घातलंय, आता नुसता दाणा मिळतोय. दाण्यात अ जीवनसत्त्व नसल्यातच जमा, म्हणून पाय आणि श्वास बिघडले. ते हिरव्या भाजीतून, गाजरातून मिळतं. ड जीवनसत्त्वासाठी उघडं ऊन लागतं, काचेतलं ऊन कामाचं नाही. आणि नवीन पिसं येताना उकडलेलं अंडं हवंच. "पहले तो देते थे न?"

माझं टाळकं फिरलं. "आमच्या घरात अंडं येत नाही. आजोबांपासून नाही!" मी मराठीतच ओरडलो. तिला बरोबर समजलं. पंख मिटवत ती शांतपणे म्हणाली, "आपके घर में नहीं आता होगा, चाचाजी. इसके पिंजरे में आता था."

बाहेरच्या बाकावर बसलो, पिंजरा मांडीवर घेतला आणि पुण्याला फोन लावला.

"तू ह्याला अंडं देत होती?"

मागे नातू रडत होता.

"देत होती की नाही?"

"देत होती," ती म्हणाली. "तुम्ही तलावावर फिरायले गेले की."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"अन् मले सांगितलं काहून नाही?"

"आपल्या पोराच्या वाढदिवसाचा केक आठवतो? शेजारच्या दीदीने आणला होता. अंड्याचा आहे म्हणून तुम्ही ताटासकट अंगणात फेकला होता. पोरगा दहा वर्षांचा होता. त्यानंतर कोण सांगीन तुम्हाले?"

आठवत होतं. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता. मांडीवर पिंजऱ्यात शेपटी खालीवर होत होती. मी विचारलं, "किती वेळ उकडायचं?"

आमच्या गल्लीतल्या दुकानात मला सगळे ओळखतात, म्हणून दोन गल्ल्या सोडून लांब गेलो. दुकानदाराने कागदात गुंडाळून दिलेलं ते एक अंडं तळहातावर धरून मी चोरासारखा घरी आलो. फोन स्पीकरवर ठेवला.

"कोणत्या भांड्यात?"

"पिंजऱ्याखाली घालायच्या रद्दीमागे बघा, छोटा गंज आहे. तुमच्या चहाच्या भांड्यात नाही करत होती, घाबरू नका."

त्या छोट्या पातेल्यात, उकळी आल्यावर दहा मिनिटं. सोलताना तो वास, शीः! अंडं काट्याने बारीक कुस्करलं, त्यात किसलेलं गाजर आणि मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, चिरलेली पानं. मीठ अजिबात नाही. "चमचाभरच ठेवा, अन् दोन तासांनी काढून टाका, नासते ते," ती सांगत होती. वाटी आत ठेवली. त्याने मान फिरवली.

"खाय ना रे बाप्पा," मी म्हटलं. दोन तास स्टुलावर बसून होतो, पण त्याने चोच लावली नाही. वाटी उचलताना मला रडू आलं, सांगायला लाज कसली त्यात.

दुसऱ्या दिवशी परत केलं. तिसऱ्या दिवशी त्याने गाजराचा एक कण उचलला आणि टाकला. मग पिवळ्या बलकाचा उचलला, तो मात्र गिळला. रोज पहाटे ओल्या फडक्याने मी कठडा पुसायचो आणि ऊन आलं की पिंजरा गॅलरीत न्यायचो. डॉक्टरने औषधाचे थेंबही दिले होते, तेही मोजून घालायचो. तरी दिवसभर धाकधूक असायचीच. खालच्या दांडीवर बसलेला दिसला की हातातलं काम टाकून पिंजऱ्याकडे धावायचो.

बाराव्या दिवशी सकाळी मी कठडा पुसत होतो आणि मागून आवाज आला. गाणं नव्हतं ते, नुसतं घसा साफ केल्यागत चिवचिव. मग थोडं लांब, मग आणखी. फडकं टाकलं, फोन लावला आणि पिंजऱ्याजवळ धरला.

तिने ऐकलं, आणि हुंदके द्यायला लागली.

"अगं, बरा झाला तो! आता रडून काहून राहिली?"

"तुमचा दवाखान्यातून फोन आला ना, त्याच संध्याकाळचं तिकीट होतं माझं. सकाळी अकराले झोपला म्हणाले तुम्ही, तेव्हाच काढलं होतं. मी निघणारच होती, तुम्ही अंडं उकडायचं विचारलं म्हणून थांबली."

"पोट्टीला अशा अवस्थेत सोडून? वीस दिवसांचं लेकरू घेऊन ती एकटी?"

"हो."

"पण काहून?"

"मले वाटलं होतं," ती म्हणाली, "तुम्ही त्याले मरू द्याल, पण घरात अंडं नाही आणणार."

असं कसं वाटलं तुला, म्हणून ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण चौतीस वर्षांच्या संसारात तिला दुसरं काही वाटावं, असं मी केलेलं काहीच मला आठवेना.