चेलोमास्तरांचा कडू घास

चेलोमास्तरांना मेलेल्या संगीतकारांचं वाजवायचा कंटाळा होता. "त्यांचं वाजवायला सगळं जग आहे," ते थकल्या आवाजात म्हणत, "जिवंतांचं कोण वाजवणार?" चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं, जवळजवळ माणसाएवढं वाद्य. त्यावर ते हयात संगीतकारांच्या नव्या रचना वाजवत. ऐकायला कुणी तयार नसे, एवढीच अडचण होती.

मूळचे वसईचे, एकटे गृहस्थ. मुंबईत शेजारी तक्रारी करून करून थकले आणि मास्तर ऐकून थकले, म्हणून ते तारापूरजवळच्या पाम गावी जानकीकाकूंच्या घरी खोली घेऊन राहिले. शेजारच्या खोलीत मी. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, मी तिथे नोकरीला होतो. दिवसभर धूळ खाऊन परतल्यावर मास्तरांचा सराव कानी पडे. तो गोड वाटायचा असं खोटं सांगणार नाही. अधूनमधून ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मुंबईला जात. "ते पोटासाठी," म्हणत, आणि आल्या आल्या पुन्हा गज हातात घेत.

पहिल्याच संध्याकाळी जानकीकाकू पिठलंभात झाकून घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी कडू घास नेतात, तसा तो होता.

"कोन गेला, मास्तर? रडनं ऐकू आलं."

"कुणी नाही. सराव करत होतो."

काकू जरा गोंधळल्या. "आता खाऊन घ्या. ह्यो भात घरी परत नेत नाय."

मास्तर निमूट जेवले. मला म्हणाले, "मुंबईत लोक उठून गेले. ही बाई तरी उठून आली."

एका तरुण संगीतकारानं खास त्यांच्यासाठी एक रचना लिहिली होती. मुंबईत ती एकदा नीट वाजवायची, मग मेलो तरी चालेल, असं ते म्हणत. त्यासाठी त्यांनी अख्खा पावसाळा गज घासला. कार्यक्रम तोंडावर आला आणि डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. औषधं झाली, शेक झाले. शेवटी मास्तरांनी नकार कळवला आणि चेलो एका शिष्याला देऊन टाकला.

त्या संध्याकाळी घर गप्प होतं. काकूंनी मला विचारलं, "मास्तर गावाला गेलं काय?" मी सगळं सांगितलं. त्या चुलीकडे वळल्या.

थोड्या वेळानं पिठलंभात आला. मास्तरांनी ताटाकडे पाहिलं आणि त्यांना रडू आवरेना. माझेही डोळे भरले.

"खावा मास्तर," काकू म्हणाल्या. "तवा चुकून आनलेला. आज नाय."